पी-व्हॅल्यू इवलीशी आणि क्रॅमरचा व्हीपण इवलासा: एका रिमाइंडर प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऑनलाइन कोर्स चालवणारी एक संस्था. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि आकडेही मुद्दाम गोल करून बदललेत, पण टक्केवारीचा ढाचा आणि त्यातून निघालेला गुंता जसाच्या तसा आहे, आणि खाली जे गणित आहे ते या बदललेल्या आकड्यांवर पूर्ण बरोबर बसतं, कुणाला कॅल्क्युलेटर घेऊन ताडून बघायचं असेल तर जरूर बघा.

संस्थेची तक्रार साधी होती. लोक कोर्सला नाव नोंदवतात, मग काही जण पूर्ण करतात, बरेच जण अर्धवट सोडतात आणि थोडे असे की जे कोर्स एकदाही उघडत नाहीत. म्हणून त्यांनी तीन प्रकारे आठवण करून द्यायचं ठरवलं: ईमेल, एसएमएस आणि फोन कॉल. नोंदणी होईल तसं सिस्टीम चिठ्ठी टाकल्यासारखं माणसाला एका गटात टाकायची, त्यामुळे कोण कुठल्या गटात जाणार हे कुणाच्या हातात नव्हतं. ही गोष्ट फार मोलाची होती, कारण त्यामुळे पुढे गटागटात दिसलेला फरक रिमाइंडरचाच आहे असं म्हणायला जागा राहिली. शेवटी आलेलं टेबल असं:

| गट | पूर्ण केला | अर्धवट सोडला | उघडलाच नाही | एकूण |
|---|---|---|---|---|
| ईमेल | १,२०० | २,६४० | १६० | ४,००० |
| एसएमएस | १,२८० | २,६०० | १२० | ४,००० |
| फोन | १,३६० | २,५६० | ८० | ४,००० |
| एकूण | ३,८४० | ७,८०० | ३६० | १२,००० |

मी या टीमला विश्लेषणात मदत करत होते. निर्णय त्यांचा होता: पुढच्या बॅचपासून सगळ्यांना फोन करायचे का नाही. फोनला माणसं लागतात, ईमेल आणि एसएमएस आपोआप जातात, म्हणजे खरा खर्चाचा प्रश्न फोनचाच होता.

अडचण कुठे आली

टीममधल्या अ‍ॅनालिस्टने काय-स्क्वेअर टेस्ट चालवली, म्हणजे गट आणि निकाल यांचा संबंध नसता तर टेबल जसं आलं असतं त्यापेक्षा हे किती वेगळं आहे ते मोजलं. काय-स्क्वेअर आला ३७.९, डिग्री ऑफ फ्रीडम (टेबलाच्या आकारावरून ठरणारी संख्या) ४, पी-व्हॅल्यू साधारण ०.००००००१२. प्रमुखांनी आकडा बघितला आणि म्हणाले एवढी लहान पी-व्हॅल्यू म्हणजे संबंध प्रचंड मजबूत आहे, फोनची टीम उभी करा. दुसऱ्या बाजूला एक सहकारी होती, तिने क्रॅमरचा व्ही काढला, म्हणजे संबंध किती घट्ट ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, तो आला ०.०४, आणि ती म्हणाली सर, हा तर जवळजवळ शून्य आहे, सॅम्पल मोठं आहे म्हणून टेस्ट सिग्निफिकंट आली, बाकी यात काही नाही, फोन सोडून द्या.

एकच टेबल, दोघांची गणितं बरोबर, आणि निष्कर्ष एकदम विरुद्ध. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते याचसाठी, कारण पी-व्हॅल्यूच्या भरवशावर राहू नका हे आता बहुतेकांना माहीत झालंय पण इफेक्ट साइझचा, म्हणजे परिणाम किती मोठा याचा, एक आकडा काढला की काम संपलं असं समजण्याची सवय तितकीच अडचणीची आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

प्रमुखांचं म्हणणं कुठे चुकत होतं ते आधी सांगते. पी-व्हॅल्यू फक्त एवढंच सांगते की रिमाइंडर आणि निकाल यांचा काहीच संबंध नसता तर एवढं किंवा याहून जास्त वाकडं टेबल योगायोगाने येण्याची शक्यता किती. संबंध किती मोठा याचं उत्तर त्यात नाही. हे पटवायला आम्ही तेच टेबल विसाने भागलं. ईमेलला ६०, १३२, ८. एसएमएसला ६४, १३०, ६. फोनला ६८, १२८, ४. एकूण ६०० माणसं. टक्केवारी कणभरही बदलली नाही. काय-स्क्वेअर मात्र ३७.९ वरून १.९ वर आला आणि पी-व्हॅल्यू झाली ०.७६. क्रॅमरचा व्ही दोन्हीकडे तोच, ०.०४. म्हणजे प्रमुख ज्याला मजबूत संबंध म्हणत होते तो वीस पट माणसं घेतल्यामुळे दिसत होता. स्क्रीनवर दोन टेबलं शेजारी शेजारी ठेवल्यावर हा मुद्दा लगेच पटला, त्यावर वाद झाला नाही.

वाद झाला तो दुसऱ्या मुद्द्यावर.

टेस्टच्या आधीचे दोन निर्णय

त्याआधी थोडं मागे जाते, कारण टेबल वर दिसतंय तितकं सरळ हातात आलं नव्हतं आणि हे दोन निर्णय चुकले असते तर पुढचा सगळा इफेक्ट साइझ चुकीच्या पायावर उभा राहिला असता.

पहिला निर्णय. मूळ फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक नोंदणी होती, एक माणूस नव्हे. काही जणांनी दोन-दोन कोर्स घेतले होते, म्हणजे तोच माणूस दोनदा मोजला जात होता. काय-स्क्वेअरचं सगळं गणित प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं धरून चालतं, जो माणूस एक कोर्स उघडत नाही तो दुसराही न उघडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे अशा जोड-नोंदी ठेवल्या की आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त माहिती आहे असा भास होतो. प्रत्येक माणसाची फक्त पहिली नोंदणी ठेवायची असं ठरलं.

दुसरा निर्णय जास्त नाजूक होता. फोन गटातल्या बऱ्याच जणांनी फोन उचललाच नाही. कुणीतरी सुचवलं की त्यांना वगळूया, त्यांना आठवण मिळालीच नाही ना. ऐकायला रास्त वाटतं. पण जो फोन उचलतो तो मुळातच जरा जास्त उत्साही असतो, आणि ईमेल गटातून मात्र ईमेल न वाचणाऱ्यांना आपण वगळत नाही, म्हणजे फोन गटात गाळीव माणसं आणि ईमेल गटात सगळी. मग फरक फुगून दिसणार. आम्ही ठरवलं की ज्याला ज्या गटात टाकलं त्याच गटात तो मोजायचा, फोन उचलो वा न उचलो. आणि संस्थेचा प्रश्नही तोच होता: फोन करायचं धोरण ठेवलं तर काय होतं. धोरणात न उचलणारेही येणारच.

कोणता आकडा द्यायचा

आता इफेक्ट साइझ. कॅटेगरीच्या डेटासाठी पर्याय ढीगभर आहेत आणि सॉफ्टवेअर एका क्लिकला पाचसहा आकडे पुढ्यात टाकतं. एसपीएसएसमध्ये क्रॉसटॅब्सच्या खाली फाय आणि क्रॅमर्स व्हीचा एकच चौकोन असतो, पायथनच्या सायपायमध्ये क्रॅमर, चुप्रोव्ह आणि पिअर्सन तिन्ही एकाच फंक्शनमधून मिळतात, आर भाषेत तर त्यासाठी वेगवेगळी पॅकेजेस आहेत. आम्ही एकेक घेऊन बघितला.

फाय म्हणजे काय-स्क्वेअरला एकूण संख्येने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. इथे ०.०५६. दोन बाय दोनच्या टेबलला तो छान चालतो, पण मोठ्या टेबलात तो १ च्या वरही जाऊ शकतो, म्हणून तीन बाय तीनला नको. पिअर्सनचा कंटिंजन्सी कोएफिशंटही ०.०५६ आला, त्याची अडचण उलटी आहे, तो कधीच १ ला पोचत नाही, तीन बाय तीन टेबलात संबंध अगदी पक्का असला तरी जास्तीत जास्त ०.८२ च्या आसपास थांबतो, त्यामुळे वेगवेगळ्या आकाराची टेबलं एकमेकांशी ताडता येत नाहीत. स्वीडिश गणिती हॅराल्ड क्रॅमर यांनी १९४६ च्या पुस्तकात दिलेला व्ही हे दोन्ही सांभाळून घेतो: काय-स्क्वेअर भागिले [एकूण संख्या गुणिले (रो आणि कॉलम यांतली लहान संख्या वजा एक)], आणि मग वर्गमूळ. आपल्याकडे ३७.९ भागिले २४,०००, वर्गमूळ ०.०३९७. चुप्रोव्हचा टी चौरस टेबलात व्ही इतकाच येतो, त्यामुळे तो वेगळा लिहायची गरज नव्हती.

गुडमन आणि क्रुस्कल यांचा लॅम्डा (१९५४) पण काढून बघितला, तो आला बरोब्बर शून्य. अ‍ॅनालिस्टला वाटलं कोडमध्ये काहीतरी गडबड आहे. गडबड नव्हती. लॅम्डा विचारतो की गट कळला तर माणसाचा निकाल ओळखण्यातल्या चुका किती कमी होतात, आणि इथे तिन्ही गटांत सगळ्यात मोठा कप्पा अर्धवट सोडणाऱ्यांचाच आहे, मग गट कळो न कळो तुम्ही प्रत्येक वेळी अर्धवटच म्हणणार, अंदाज तसूभरही सुधारत नाही. एकेका माणसाचं भाकीत करायचं असतं तर शून्य हे खरं उत्तर होतं. संस्थेला भाकीत करायचं नव्हतं, त्यांना गटांच्या प्रमाणातला फरक हवा होता, म्हणून तोही बाजूला ठेवला.

व्हीची एक खोड मात्र लक्षात ठेवायला हवी. तो ऋण होत नाही, त्यामुळे संबंध अजिबात नसतानाही सॅम्पलमधल्या चढउतारामुळे तो शून्याच्या वरच येतो. आपल्या तीन बाय तीन टेबलात नुसत्या योगायोगाने काय-स्क्वेअर सरासरी ४ येतो, म्हणजे ६०० माणसांत संबंध शून्य असला तरी व्ही ०.०५८ च्या आसपास सहज दिसेल. आपण मघाशी छोट्या टेबलात जो ०.०४ बघितला तो या गोंगाटाच्याही खाली होता! १२,००० माणसांत मात्र हाच गोंगाट ०.०१३ पर्यंत उतरतो आणि ०.०४ त्याच्या बराच वर उभा राहतो. यासाठी बर्गस्मा यांनी २०१३ मध्ये दिलेली दुरुस्ती वापरली: मोठ्या टेबलात दुरुस्त व्ही ०.०३८, छोट्यात सरळ शून्य. त्यामुळे व्ही दोन्हीकडे सारखाच हे वाक्य खरं असलं तरी अपुरं आहे, त्याच्या भोवतीची रेंजही, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादेत असू शकतो तीही, द्यायला हवी. आम्ही काढलेली ९५ टक्के रेंज मोठ्या टेबलासाठी साधारण ०.०२५ ते ०.०५ होती.

आणि जाता जाता, दोन बाय दोनच्या टेबलासाठी आर आणि सायपाय दोन्ही यीट्सची दुरुस्ती (काय-स्क्वेअर थोडा कमी करणारी) आपोआप लावतात. तो दुरुस्त काय-स्क्वेअर घेऊन फाय काढला तर फाय थोडा दबतो, लहान सॅम्पलमध्ये चांगलाच. इफेक्ट साइझसाठी दुरुस्ती बंद करून काढलेला काय-स्क्वेअर घ्यावा.

०.०४ म्हणजे नक्की किती लहान?

इथे खरी खडाजंगी झाली. सहकारी इफेक्ट साइझ लहान-मोठा ठरवायचे, संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांचे मापदंड घेऊन आली होती. ०.१ छोटा, ०.३ मध्यम, ०.५ मोठा. ०.०४ त्यात छोट्याच्याही खाली.

यातली पहिली बाब म्हणजे ते मापदंड व्हीचे नाहीतच. कोहेन यांनी ते डब्ल्यू या मापासाठी दिलेत, आणि डब्ल्यू म्हणजे व्ही गुणिले (लहान बाजू वजा एक) चं वर्गमूळ. दोन बाय दोन टेबलात दोन्ही सारखे, पण तीन बाय तीनमध्ये तेच मापदंड व्हीसाठी ०.०७, ०.२१ आणि ०.३५ होतात. हा फरक रिपोर्टमध्ये सर्रास विसरला जातो. तरीही ०.०४ हा ०.०७ च्या खालीच, त्यामुळे तिचा मुद्दा तेवढ्याने पडला नाही. शिवाय कोहेन यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की त्या विषयातलं दुसरं काही हाताशी नसेल तेव्हाच हे आकडे वापरा.

दुसरी बाब जास्त खोल होती आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच. व्ही किंवा फाय किती मोठा होऊ शकतो हे टेबलाच्या कडेच्या बेरजांवर ठरतं. ईमेल आणि फोन एवढेच दोन गट घ्या आणि निकालाचे दोनच कप्पे करा, कोर्स उघडला आणि उघडलाच नाही. ८,००० माणसं, त्यातली २४० न उघडणारी, १६० ईमेलची आणि ८० फोनची. फाय येतो ०.०५९. आता कल्पना करा की फोनने चमत्कार केला आणि न उघडणारे २४० च्या २४० ईमेल गटातलेच निघाले, फोन गटात एकही नाही. याहून मोठा परिणाम या बेरजांमध्ये शक्यच नाही. तेव्हा फाय किती? ०.१७६. कोहेनच्या मापाने तोही छोटाच! म्हणजे न उघडणारे फक्त ३ टक्के आहेत एवढ्याच कारणाने छत ०.१७६ वर आहे आणि आपण त्याच्या एक तृतीयांश उंचीवर आहोत, पण मापाची पट्टी मात्र १ पर्यंतची धरून आपण म्हणतोय की काहीच नाही.

हाच मुद्दा ऑड्स रेशोने आणखी स्पष्ट होतो (प्रत्येक गटात घटना घडलेले भागिले न घडलेले, आणि मग त्या दोन आकड्यांचा भागाकार). कोर्स न उघडण्याचा ऑड्स रेशो, ईमेल विरुद्ध फोन, २.०४ आहे, ९५ टक्के रेंज १.५६ ते २.६८. आता एक वेगळं काल्पनिक टेबल घ्या जिथे तीच घटना निम्म्या लोकांत घडते, एका गटात ५९ टक्के आणि दुसऱ्यात ४१ टक्के. तिथे ऑड्स रेशो २.०७, म्हणजे जवळपास तितकाच, पण फाय ०.१८. ऑड्स रेशो सारखा आणि फाय तिप्पट. घटना दुर्मिळ असली की फाय आणि व्ही दबतात, ही त्यांची बनावट आहे.

म्हणजे सहकारी चुकली होती का? पूर्ण नाही. सगळं टेबल मिळून संबंध कमकुवत आहे हे तिचं म्हणणं खरंच होतं, बहुसंख्य लोक रिमाइंडर कुठलाही असो अर्धवटच सोडत होते. पण संबंध कमकुवत यावरून फोन सोडून द्या इथपर्यंत जी उडी मारली ती आकड्यात बसत नव्हती.

मग काय केलं

व्ही फेकून दिला नाही. रिपोर्टमध्ये एका ओळीत ठेवला, दुरुस्त आकडा आणि रेंजसकट, आणि त्याच्या पुढे टेबल उघडून बघितलं. कुठल्या कप्प्यामुळे काय-स्क्वेअर वाढला हे बघायला अ‍ॅडजस्टेड रेसिड्युअल्स काढले, म्हणजे प्रत्येक कप्पा अपेक्षेपेक्षा किती वर किंवा खाली आहे त्याचं प्रमाणित माप. उघडलाच नाही या कॉलममध्ये ईमेलला अधिक ४.५ आणि फोनला वजा ४.५. पूर्ण केला मध्ये ईमेलला वजा ३.३, फोनला अधिक ३.३. अर्धवट सोडला मध्ये दोन्हीकडे १.६, म्हणजे तिथे बोलण्यासारखं काही नाही. ३७.९ पैकी २६.७ एकट्या न उघडणाऱ्यांच्या कॉलममधून आले होते, सत्तर टक्के हिस्सा ३ टक्के लोकांचा! व्हीच्या एका आकड्यात हे सगळं मिसळून जातं.

मग प्रत्येक फरक अशा भाषेत मांडला जी निर्णय घेणाऱ्याला थेट वापरता येईल, म्हणजे सरळ टक्क्यांतला फरक आणि त्यावरून किती फोन केले की एक माणूस वाढतो.

ईमेलच्या तुलनेत फोन: पूर्ण करणारे ३० वरून ३४ टक्के, ४ टक्के बिंदूंचा फरक, रेंज २ ते ६. म्हणजे २५ फोनमागे एक जास्तीचा माणूस कोर्स पूर्ण करतो, रेंजप्रमाणे १७ ते ५१ फोन. न उघडणारे ४ वरून २ टक्के, म्हणजे ५० फोनमागे एक. इथे एक खबरदारी घेतली, पूर्ण करणाऱ्यांसाठी ऑड्स रेशो १.२० येतो आणि तो वाचून लोक म्हणतात २० टक्क्यांनी वाढ, पण प्रमाणाच्या हिशेबाने ३४ भागिले ३० म्हणजे १३ टक्केच वाढ आहे. दुर्मिळ घटनेत ऑड्स रेशो आणि प्रमाण जवळपास एकच येतात, ३०-३४ टक्क्यांवर येत नाहीत. म्हणून पूर्ण करणाऱ्यांसाठी ऑड्स रेशो रिपोर्टमधून काढूनच टाकला.

यानंतर जो प्रश्न आला त्याने निर्णय फिरवला. प्रमुखांनीच विचारला, आणि फार चांगला विचारला: आपण फोनची तुलना ईमेलशी का करतोय? फोन नाही केला तर एसएमएस तर जाणारच आहे, त्याला माणूस लागत नाही.

बरोबर होतं. फोन विरुद्ध एसएमएस बघितलं तर पूर्ण करणाऱ्यांत फरक २ टक्के बिंदूंचा, ३४ आणि ३२, आणि रेंज शून्याच्या किंचित खालून ४.१ पर्यंत. म्हणजे ५० फोनमागे एक माणूस, आणि तोही खात्रीने नाही. न उघडणाऱ्यांत ३ वरून २ टक्के, रेंज ०.३ ते १.७, इथे फरक आहे हे बऱ्यापैकी पक्कं, पण १०० फोनमागे एक माणूस. तीन जोड्या तपासल्या म्हणून रेंजा आणखी थोड्या रुंद धरायला हव्यात हेही लिहिलं. टेबल तेच, व्ही तोच, पण कशाशी तुलना करायची हे बदललं आणि फायदा निम्म्यावर आला. इफेक्ट साइझ म्हणजे कशाच्या तुलनेत किती, आणि त्यातला कशाच्या तुलनेत हा अर्धा भाग सॉफ्टवेअर कधी विचारत नाही.

काय ठरलं आणि पुढे काय झालं

तीन पर्याय टेबलावर होते. सगळ्यांना फोन, कुणालाच नाही, किंवा निवडक लोकांना. सगळ्यांना फोन हा पर्याय एसएमएसशी तुलना केल्यावर गळाला, इतक्या कॉलसाठी माणसं पुरणार नव्हती आणि हाती थोडंच लागत होतं. कुणालाच नाही या बाजूने सहकारी होती. पण फोनचा सगळ्यात ठळक परिणाम कोर्स न उघडणाऱ्यांवर दिसला होता आणि कोण उघडत नाहीये हे सिस्टीमला कळतं. मग एसएमएस सगळ्यांना, आणि पहिल्या आठवड्यात ज्यांनी कोर्स उघडला नाही फक्त त्यांना फोन, असं ठरलं. कॉलची यादी एकदम आटोक्यात आली आणि नवीन माणसं घ्यावी लागली नाहीत.

हे मात्र सगळ्यांनी मान्य केलं की या निवडक धोरणाचा पुरावा आपल्या टेबलात नाही. टेबल सगळ्यांना केलेल्या फोनचं आहे. आठवडाभर न उघडणारा माणूस वेगळा असू शकतो, त्याच्यावर फोन जास्त चालेल किंवा मुळीच चालणार नाही. म्हणून पुढच्या बॅचमध्ये त्या यादीतल्या निम्म्यांनाच फोन करायचा, निवड चिठ्ठीने, असं कागदावर उतरवलं. हे लिहितेय तेव्हा ती बॅच चालू आहे. तिचा रिपोर्ट कसा असेल हेही आधीच ठरलंय: टक्क्यांतला फरक आणि त्याची रेंज सगळ्यात वर, किती फोनमागे एक माणूस ते त्याखाली, व्ही आणि पी-व्हॅल्यू त्यानंतर.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे किती फरक पडला तर फोन परवडतो हे डेटा येण्याच्या आधी ठरवायला हवं होतं. किती फोनमागे एक माणूस वाढला तर चालेल एवढं एक वाक्य आधी लिहिलं असतं तर ०.०४ लहान का मोठा यावर झालेली अर्धी चर्चा झालीच नसती. आता मागाहून ठरवताना ज्याला फोन हवेत तो ५० ला ठीक म्हणतो आणि ज्याला नकोत तो २५ ला पण जास्त म्हणतो.

सॅम्पलचंही तसंच. एवढाच इफेक्ट, म्हणजे डब्ल्यू ०.०५६, ८० टक्के पॉवरने, म्हणजे तो खरा असेल तर सापडण्याची शक्यता ८० टक्के ठेवून, पकडायला साधारण ३,७८० माणसं पुरतात. आपल्याकडे १२,००० होती, संपूर्ण टेबलाच्या टेस्टसाठी भरपूर. पण निर्णयाला खरी गरज होती ती फोन विरुद्ध एसएमएस या एका जोडीची आणि तिथे ८,००० माणसं असूनही रेंज शून्याला चाटून गेली. पॉवरचं गणित संपूर्ण टेबलावर न करता ज्या तुलनेवर निर्णय अडलाय तिच्यावर करायला हवं होतं, आणि मग कदाचित ईमेल गट लहान ठेवून ती माणसं बाकी दोन गटांत घातली असती.

तिसरी गोष्ट निकालाच्या क्रमाची. उघडला नाही, अर्धवट, पूर्ण, यांना चढता क्रम आहे आणि काय-स्क्वेअर व व्ही दोघांनाही तो दिसत नाही, कॉलम उलटसुलट मांडले तरी आकडा तोच येतो. क्रम धरून बघितलं तर फोन गटातला एक आणि ईमेल गटातला एक असे दोघे सहज उचलले तर फोनवाल्याचा निकाल वरचा असण्याची शक्यता २६.४ टक्के, ईमेलवाल्याचा वरचा असण्याची २१.१ टक्के, बाकी बरोबरीत. हा आकडा बैठकीत सगळ्यांना चटकन समजला, अगदी ज्यांना व्ही कधीच समजला नव्हता त्यांनाही, आणि तो पहिल्या रिपोर्टमध्येच असता तर बरं झालं असतं.

आणि फोन उचललेल्यांचा वेगळा हिशेब. तो मुख्य टेबलात घालायचा नव्हता हे योग्यच, पण किती जणांनी उचलला, कुठल्या वेळी उचलला ही नोंद नीट ठेवली गेली नाही. फोनचा परिणाम कमी दिसला तो फोनचा उपयोग नाही म्हणून का लोकांपर्यंत फोन पोचलाच नाही म्हणून, हे या डेटावरून वेगळं काढता येत नाही. नव्या बॅचमध्ये ती नोंद पहिल्या कॉलपासून ठेवली जातेय.